एकाच पेढीवर दोन मापे

आपल्या व्यापारी संघाच्या स्मरणिकेसाठी बाजारभाव, करपद्धती, वाहतुकीच्या अडचणी अशा विषयांवर लिहिण्याची आमची वहिवाट आहे. यंदा संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हाही तुरीच्या भावातील चढउतारावर चार पाने लिहावीत असाच आमचा मानस होता. परंतु लेखणी हाती घेतल्यावर मन त्या विषयात रमेना. एक माल असा आहे की ज्याची नोंद आपल्या कोणत्याही खतावणीत होत नाही. तथापि त्याची किंमत आपल्याच घरांतील आणि आपल्याच बाजारातील तरुण मुले चुकती करीत आहेत. गांजा, गुंगीच्या गोळ्या, मद्य, गुटखा हा तो माल होय. त्याविषयी आज स्पष्ट बोलणे आम्हांस अधिक निकडीचे वाटते. सूज्ञ सभासदांनी आमच्या बोलण्यातील कठोरता पोटात घालावी; त्यातील पहिला फटका आम्ही स्वतःवरच मारणार आहोत.

आपले आदिलाबाद हे सीमेवरचे गाव. उत्तरेस पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. नागपूरहून हैदराबादेस जाणारा हमरस्ता आपल्या जिल्ह्यातून जातो. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो, पुढे आंध्र प्रदेशात आलो, २०१४ पासून तेलंगणात आहोत, आणि २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. राज्ये बदलली, हद्दी बदलल्या. परंतु दोन्ही तीरांवरचा मराठी, तेलुगू, गोंडी व उर्दू बोलणारा गिऱ्हाईक-वर्ग मात्र एकमेकांत मिसळलेलाच राहिला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे आपले भाग्य होय. पण ज्या रस्त्याने आपला कापूस, तूर व सोयाबीन जातात, त्याच रस्त्याने चोरटा मालही जातो. आंध्र व ओडिशाच्या सीमेवरील डोंगराळ मुलखातून निघालेला गांजा महाराष्ट्राकडे जाताना तेलंगणातील महामार्गांवर वरचेवर पकडला जातो. इतकेच नव्हे, तर कापसाच्या व तुरीच्या उभ्या पिकात गांजाची झाडे लपवून लावल्याची प्रकरणे आपल्या जिल्ह्यातही पोलिसांनी अनेकदा उघडकीस आणली आहेत.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. अशी बातमी आली की बाजारात लगेच डोंगरातल्या गोंड-कोलामांकडे बोट दाखविले जाते. कोरडवाहू दोन-चार एकरांवर पोट असलेला माणूस तुरीच्या ओळीत ती झाडे लावतो, तो दोषी आहेच. परंतु बी देणारा, उचल देणारा आणि तयार माल नेणारा कोण? तो डोंगरात राहत नाही. मागणी शहरात असते, भांडवल शहरात असते, आणि नफाही शहरातच मुक्कामास येतो. बाजाराचे हे शास्त्र आपणांस कोणी शिकवावयास नको.

राष्ट्राचे चित्र पाहू. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून देशव्यापी पाहणी करविली. तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. दहा ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या लोकांपैकी शेकडा १४.६, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात, शेकडा २.८, म्हणजे सुमारे ३ कोटी १० लाख लोक भांग अथवा गांजाच्या जातीचे पदार्थ घेतात, असे त्या पाहणीत आढळले. सर्वांत चिंतेची गोष्ट अशी की हुंगण्याच्या पदार्थांचे व्यसन मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक आहे: मोठ्यांत शेकडा ०.५८, तर मुलांत शेकडा १.१७. हे हुंगण्याचे पदार्थ म्हणजे रंग पातळ करण्याचे द्रव, चिकटविण्याचे सोल्यूशन आणि तत्सम वस्तू. त्या चोरबाजारात मिळत नाहीत. त्या आपल्याच बाजारपेठेत, रंगाच्या, हार्डवेअरच्या व लेखनसाहित्याच्या दुकानात राजरोस मिळतात. आणि मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकास काही उपचार मिळतो, असेही तोच अहवाल सांगतो. बाकीच्या सदतीस घरांत काय चालत असेल, याची कल्पना प्रत्येकाने करावी.

आता पुष्कळ सभासद म्हणतील की हे काम सरकारचे आहे. कायदा कडक करावा, नाके बसवावे, गुन्हेगारांस शिक्षा द्यावी. व्यापाऱ्याने त्यात काय करावे? हा प्रश्न वाजवी आहे, म्हणून आपल्याच परिसराच्या इतिहासातून त्याचे उत्तर शोधू.

आपण आंध्र प्रदेशात होतो, तेव्हा १९९२ साली नेल्लूर जिल्ह्यातील दुबगुंटा नावाच्या खेड्यात प्रौढ साक्षरतेच्या वर्गात बसणाऱ्या बायकांनी देशी दारूच्या, म्हणजे सारायाच्या विरोधात उठाव केला. त्या अक्षरे शिकता शिकता आपल्या संसाराचा हिशेब मांडावयास शिकल्या. ते लोण राज्यभर पसरले. १९९३ साली सारायावर बंदी आली आणि १९९५ च्या जानेवारीत नं. ता. रामाराव यांच्या सरकारने संपूर्ण दारूबंदी केली. परंतु १९९७ साली, म्हणजे अवघ्या दोन वर्षांत, ती बंदी सैल झाली. चोरटी दारू वाढली होती आणि तिजोरी रिकामी होत होती. चंद्रपूर जिल्ह्यातही बायकांच्या मोठ्या चळवळीनंतर १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली. २०२१ साली ती उठली. मध्यंतरीच्या काळात शेजारच्या जिल्ह्यांतून तेथे चोरटी दारू कशी जात होती, हे सीमेवर राहणाऱ्या आपणांस निराळे सांगणे न लगे.

ह्याच्या उलट प्राणहितेच्या पलीकडचा गडचिरोली जिल्हा पाहावा. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्या दांपत्याने १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. लोकांच्या आंदोलनामुळे १९९३ साली त्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. परंतु केवळ कायद्याने काम भागत नाही हे ओळखून २०१६ पासून तेथे ‘मुक्तिपथ’ नावाची योजना सुरू झाली. शासन, ‘सर्च’ संस्था, टाटा ट्रस्ट आणि गावोगावच्या समित्या असे सर्वजण तिच्यात भागीदार झाले. लोकजागृती, गावाने स्वतः घेतलेला निर्णय, कायद्याची अंमलबजावणी आणि व्यसनी माणसास उपचार, असे चार पाय तिला दिले आहेत. ह्या चार पायांपैकी एक जरी काढला तरी खाट कलंडते. एकट्या पोलिसाने, एकट्या वैद्याने, किंवा एकट्या उपदेशकाने हे काम होणारे नव्हे.

उपचाराविना पुरवठा बंद केला तर काय होते, हेही तेलंगणाने अनुभवले आहे. ताडीमध्ये क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम अशी गुंगीची द्रव्ये मिसळण्याचा दुष्ट प्रघात आपल्या राज्यात आहे. २०१५ साली सरकारने त्यावर कडक नजर ठेवताच निजामाबादसह अनेक ठिकाणी ती ताडी रोज पिणारे लोक भ्रमिष्टासारखे वागू लागले, त्यांस आकडी येऊ लागली, आणि रुग्णालये भरून गेली. जे ताडी समजून पीत होते, ते वस्तुतः औषधाच्या गोळ्यांचे गुलाम झाले होते. ह्या गोळ्या कोठल्या तरी घाऊक दुकानातूनच निघतात, हे व्यापाऱ्यांनी विसरू नये.

दूरचे एक उदाहरण द्यावयाचे तर आइसलँड ह्या चार लाखांहून कमी वस्तीच्या देशाचे देता येईल. २०११ च्या शिरगणतीनुसार आपल्या आजच्या आदिलाबाद जिल्ह्याची वस्ती सुमारे सात लाख होती. म्हणजे तो देश आपल्या जिल्ह्याहूनही लहान. तेथे १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ४२ मुले महिन्याभरात एकदा तरी दारू पिऊन झिंगलेली असत. २०१६ पर्यंत हे प्रमाण शेकडा ५ वर आले. गांजाच्या जातीचे पदार्थ कधीतरी घेतलेली मुले शेकडा १७ वरून ७ वर, आणि रोज धूम्रपान करणारी शेकडा २३ वरून ३ वर आली. त्यांनी केले काय? प्रत्येक शाळेत मुलांची वरचेवर पाहणी करून त्या त्या वस्तीची स्थिती त्या त्या पालकांपुढे ठेवली. मुलांनी रात्री उशिरा बाहेर राहू नये असा नियम पाळला. पालकांनी आपसांत करार केले. आणि संध्याकाळच्या वेळी खेळ, संगीत व कला शिकण्यासाठी नगरपालिकेने पैसा खर्च केला. यात दैवी असे काही नाही. मुलांची संध्याकाळ रिकामी ठेवली नाही, इतकेच त्याचे सार आहे.

आता आम्ही आमच्या स्वतःच्या अपराधाकडे वळतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्या वखारीत एका हमालाचा सतरा वर्षांचा मुलगा पोत्यांची तोंडे शिवण्याच्या कामास होता. हात चलाख, हिशेबास तरतरीत. काही महिन्यांनी तो दुपारी थप्पीच्या आडोशास झोपलेला सापडू लागला. एके दिवशी दाभण त्याच्या हातात रुतलेले असूनही त्यास त्याचे भान नव्हते. मुनीमजींनी झडती घेतली तेव्हा त्याच्या सदऱ्यात गांजाची पुडी निघाली. आम्ही त्याच संध्याकाळी त्याचा दिवसापर्यंतचा रोज मोजून दिला आणि त्यास वखारीच्या बाहेर काढले. वहीत त्याच्या नावापुढे ‘हिशेब चुकता’ असे लिहिले. आपल्या पेढीची अब्रू आपण राखली, असे त्या वेळी आम्हांस वाटले.

पुढे चार-पाच वर्षांनी आमच्याच एका जवळच्या आप्ताचा मुलगा मोठ्या शहरातील महाविद्यालयातून सुटीस घरी आला. त्याचे डोळे, त्याची झोप, पैशांची त्याची सततची मागणी, सर्व लक्षणे तीच होती. ह्या वेळी मात्र आम्ही झडती घेतली नाही. रात्री दारे लावून घरातील चार वडीलधारी माणसे बसली. दुसऱ्याच दिवशी त्यास नागपुरास उपचारासाठी नेले. बाजारात सांगितले की कावीळ झाली आहे, विश्रांती हवी. तीन महिने त्याची आई त्याच्यापाशी राहिली. आज तो मुलगा धंदा सांभाळतो, संसारात आहे, आणि पुडीस शिवत नाही. आम्हांस त्याचा आनंदच आहे.

परंतु बाजारात काही झाकून राहत नाही. एक दिवस तोच म्हातारा हमाल पाठीवरचे पोते थप्पीस लावून आमच्या गादीपाशी आला. त्याचा मुलगा मधल्या काळात गाव सोडून गेला होता, आणि त्याचा पत्ता कोणास नव्हता. घाम पुशीत तो इतकेच म्हणाला, “मालक, त्या दवाखान्याचं नाव तवा मले बी सांगतलं असतं तर?”

आम्ही निरुत्तर झालो. आजही आमच्यापाशी त्याचे उत्तर नाही. चाळीसहून अधिक वर्षे आम्ही धान्य तोलीत आलो. काट्यात कधी फरक पडू दिला नाही असा आम्हांस अभिमान होता. आपल्या शास्त्राने अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ सांगितले आहे. देताना एक माप आणि घेताना दुसरे माप ठेवणे, हा त्याचा अर्थ. आम्ही ज्वारीच्या बाबतीत हा दोष केला नाही. परंतु दोन मुलांच्या बाबतीत केला. एकास आम्ही चोर म्हणून तोलले, दुसऱ्यास रोगी म्हणून. रोग एकच होता. मापे दोन होती.

ह्या प्रसंगाने आम्हांस दोन गोष्टी शिकविल्या. पहिली अशी की आपल्या समाजातील मुलांस हे व्यसन लागत नाही, हा निव्वळ भ्रम आहे. सप्तव्यसनांचा त्याग आपण पाठशाळेत मुलांकडून पाठ करून घेतो, आणि ते योग्यच आहे. पण आपली मुले शिक्षणासाठी हैदराबाद, नागपूर, पुणे येथे जातात, वसतिगृहात राहतात, हाती पैसा असतो. पाठ केलेला नियम आणि पाळलेला नियम यांत अंतर असते. दुसरी गोष्ट अशी की आपण ही व्याधी झाकून ठेवतो. मुलीची सोयरीक मोडेल, मुलास स्थळ येणार नाही, पेढीची पत जाईल, ह्या भयाने आपण जे वर्ष गमावतो, तेच वर्ष उपचाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असते. लहान गळती असताना छप्पर शाकारले नाही, तर आषाढात सगळीच वखार भिजते.

लपविण्यावरचे औषध आपल्याच धर्मात आहे. दोष गुरूपाशी उघड बोलण्याची ‘आलोचना’ ही आपली परंपरा आहे, आणि आलोचना ऐकणारा ती बाहेर सांगत नाही. तसेच आहार, औषध, ज्ञान आणि अभय ह्या चार दानांत अभयदानाची थोरवी विशेष मानली आहे. भ्यालेल्या मुलास आणि त्याच्या भ्यालेल्या बापास ‘तू ये, बोल, तुझे नाव फुटणार नाही’ असे आश्वासन देणे, हे आजच्या काळातील अभयदानच होय. देशाच्या कायद्यातही त्यास जागा आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४-अ प्रमाणे, स्वतः सेवन करणारा अथवा अल्प प्रमाणात माल बाळगणारा व्यसनी माणूस जर आपण होऊन शासनमान्य संस्थेत उपचार घेईल व तो पुरा करील, तर त्याच्यावरील खटल्यापासून त्यास संरक्षण मिळते. ही गोष्ट आपल्या बाजारात किती जणांस ठाऊक आहे?

आता संघाने काय करावे, ह्याविषयी आमच्या काही सूचना आहेत.

पहिली सूचना आपल्या गल्ल्याविषयी आहे. पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य निषिद्ध मानले आहे. विष म्हणजे केवळ सोमल नव्हे. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलास तंबाखूचे पदार्थ विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ते विकणे मना आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याने तर मुलास वैद्यकीय आज्ञेवाचून मद्य, अंमली द्रव्य किंवा तंबाखूचे पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. तरीही किराणा दुकानाच्या दारावर पुड्यांच्या माळा लोंबतात, हे आपण रोज पाहतो. आम्ही न विकले तर शेजारचा विकेल, असा युक्तिवाद केला जातो. हाच युक्तिवाद भेसळ करणाराही करतो. त्यास आपण कधी मान्यता दिली काय? तेव्हा संघाच्या प्रत्येक सभासदाने मुलांस तंबाखू, गुटखा, रंग पातळ करण्याचे द्रव व चिकटविण्याचे सोल्यूशन न देण्याची प्रतिज्ञा करावी आणि तशी पाटी दुकानावर लावावी. औषध-विक्रेत्या बंधूंनी अल्प्राझोलाम, डायझेपाम इत्यादींची नोंदवही कायद्याने सांगितली आहे तशी खरोखर लिहावी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून एकही गोळी देऊ नये.

दुसरी सूचना वखारी व मालमोटारींविषयी. आपली जागा किंवा गाडी अशा मालासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्यास कलम २५ प्रमाणे शिक्षा आहे, आणि गाडी पकडली गेल्यास, आपण योग्य ती काळजी घेतली होती हे सिद्ध न करता आल्यास, ती जप्त होऊ शकते. भाड्याने दिलेल्या वखारीत काय पडले आहे हे महिन्यातून एकदा डोळ्यांनी पाहणे, यात धर्मही आहे आणि धंद्याची सुरक्षितताही आहे. शेतकऱ्यास हंगामाची उचल देताना त्यास मोकळेपणाने विचारावे, आणि तुरीस रास्त भाव द्यावा. काट्यावर नाडलेला शेतकरीच त्या चोरट्या दलालाच्या हाती लवकर सापडतो.

तिसरी सूचना हमाल, मुनीम व नोकरवर्गाविषयी, आणि ही आमच्या अंतःकरणाची आहे. व्यसन आढळले म्हणून पहिल्याच वेळी कोणास काढू नये. त्यास उपचारासाठी रजा द्यावी, निम्मा पगार चालू ठेवावा, आणि उपचार पुरा केल्यास कामावर परत घ्यावे. खर्चाची तरतूद आपल्या धर्मादाय खात्यातून सहज होण्यासारखी आहे. आपल्या गावी रिम्स हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. तेथील मानसोपचार तज्ज्ञांशी संघाने बोलणे करून ठेवावे, आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक प्रत्येक वखारीच्या भिंतीवर मराठी, तेलुगू व उर्दूत लिहून ठेवावा. पुण्यास डॉ. अनिता तथा सुनंदा अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या साह्याने ‘मुक्तांगण’ केंद्र सुरू केले. तेथे व्यसनातून सुटलेली माणसेच पुढे नव्या रुग्णांची सोबत करू लागली. जो त्या चिखलातून बाहेर आला, त्यासच त्यातली वाट ठाऊक असते. अशा माणसांस आपण तोंड लपवावयास न लावता पुढे आणले पाहिजे.

चौथी सूचना मुलांच्या संध्याकाळीविषयी. दरवर्षी २६ जून रोजी शाळेची मुले फलक घेऊन मिरवणूक काढतात, एखादे भयंकर चित्र दाखविले जाते, भाषण होते, आणि वर्षभराचे कर्तव्य संपते. संयुक्त राष्ट्रांच्या मादकद्रव्यविषयक कार्यालयाने २०१३ साली काढलेल्या व २०१८ साली सुधारलेल्या मार्गदर्शिकेत असे स्पष्ट सांगितले आहे की केवळ भय दाखविणाऱ्या, एकदाच होणाऱ्या व्याख्यानांचा उपयोग होत नाही. मुलांस नाही म्हणण्याचे कौशल्य शिकविणारे नियमित वर्ग आणि पालकांचे लक्ष यांचा होतो. सबब संघाने एका शाळेचे पटांगण संध्याकाळी खुले ठेवण्याची व्यवस्था करावी, एका क्रीडाशिक्षकाचे वेतन द्यावे, आणि तेथे शेठजींचा मुलगा व हमालाचा मुलगा एकाच संघात खेळावेत. आपल्या उपाश्रयात व स्थानकात पालकांची मासिक बैठक व्हावी. ज्या घरी मुलास रात्रीचे जेवण आईबापांसमवेत मिळते, त्या घरात दलालाचा शिरकाव अवघड असतो.

पाचवी सूचना भागीदारीची. संघ, शाळा, रुग्णालय, पोलिस व महिला मंडळे यांची एक लहान समिती असावी, तिची बैठक दर महिन्यास व्हावी, आणि तिचे इतिवृत्त लिहिले जावे. महिलांस तेथे शोभेसाठी नव्हे, तर मताच्या अधिकारासह बसवावे. दुबगुंट्याचा आणि चंद्रपूरचा धडा हाच आहे की घराची हानी प्रथम त्यांस कळते. समिती एकाच समाजाची नसावी. आचार्य तुलसी यांनी १ मार्च १९४९ रोजी सरदारशहर येथे अणुव्रत आंदोलन सुरू केले, तेव्हा त्याचे दार सर्व धर्मांच्या व जातींच्या लोकांस उघडे ठेवले. गोंड, मुसलमान, तेलुगू, मराठी सर्वांची मुले ह्याच बाजारातून शाळेस जातात. आपले अंगण झाडून शेजारचे पेटलेले ठेवले, तर ठिणगी कुंपण पाहत नाही.

काहींस हा खर्च अनाठायी वाटेल. आम्ही त्यांस व्यापाऱ्याच्या भाषेतच विनंती करतो की त्यांनी दोन्ही बाजूंचा जमाखर्च मांडावा. एका बाजूस एका क्रीडाशिक्षकाचे वेतन, काही नोकरांच्या रजा आणि तंबाखूच्या पुड्यांवरील थोडासा नफा. दुसऱ्या बाजूस एक मुलगा. शिल्लक कोणत्या बाजूस निघते हे ज्यास समजत नाही, त्याने गादीवर बसू नये.

पुढील वर्षाच्या स्मरणिकेत संघाने ह्या कामाचा हिशेब छापावा: किती दुकानांनी प्रतिज्ञा पाळली, किती जणांस उपचार मिळाला, पटांगण किती दिवस चालले. नावे छापू नयेत, आकडे मात्र खरे छापावेत. आमच्या पुरते बोलावयाचे तर वखारीत पाटी लागली आहे, आणि त्या जुन्या वहीतील ‘हिशेब चुकता’ हे शब्द आम्ही आमच्या हातांनी खोडले आहेत. तो हिशेब चुकता नव्हता. तो आमच्याकडे येणे नसून देणे आहे. ते देणे त्या मुलास देता येईल की नाही, हे दैवाधीन आहे. पण त्याच्या मागून पोती शिवावयास येणाऱ्या पोरांस तरी ते द्यावे, इतकी सद्बुद्धी आम्हां सर्वांस लाभो.

कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.